पायऱ्या सोप्या आहेत, असं मी लिहिलं होतं

लखनौला येऊन आम्हाला सोळा वर्षं झाली. नवऱ्याला इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली, पाठोपाठ मी बँकेकडे बदली मागून घेतली आणि विकास नगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या घरात आम्ही संसार मांडला. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, आता कॉलेजात जाते. मी तिला मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

तरी मराठीची भूक राहायचीच. नवरा घरी येतो तो प्रयोगशाळेतलं डोकं घेऊनच. आईशी फोनवर बोलणं व्हायचं, पण ते औषधं आणि हवापाणी यांच्यापुढे जायचं नाही. अशात सातेक वर्षांपूर्वी मला मराठीत लिहिणाऱ्यांचं एक संकेतस्थळ सापडलं. कुणीही सभासद व्हावं, लेख टाकावा, बाकीच्यांनी वाचून खाली प्रतिसाद द्यावेत. तिथल्या भाषेत लेखाला ‘धागा’ म्हणतात. मला तो शब्दच आवडला. काही महिने नुसती वाचत होते. मग एके दिवशी बँकेत जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून पहिला धागा लिहिला.

विषय होता आमच्या गल्लीतला सब्जीवाला भैया. आल्या आल्या मी त्याच्याकडे मेथीची ‘जुडी’ मागायची. इकडे तिला गड्डी म्हणतात, पण माझ्या तोंडातून जुडीच निघायचं. काही दिवस तो नुसता हसला. मग मला लांबून पाहिलं की ओरडायला लागला, “दीदी, जुडी ले लो, ताज़ी जुडी!” पुढे शेजारच्या बायकाही त्याच्याकडे जुडी मागायला लागल्या. आमच्या गल्लीपुरता एक मराठी शब्द लखनौत रुजला, एवढंच मी लिहिलं. अर्ध्या तासात लिहून झालं. संध्याकाळी पाहिलं तर अकरा प्रतिसाद. कुणी बंगळुरूहून, कुणी मस्कतहून, कुणी चिपळूणहून. मी ते अकराच्या अकरा नवऱ्याला वाचून दाखवले.

दुसरा धागा खालच्या मजल्यावरच्या आंटींवर लिहिला. मी गॅलरीत उभी राहून आईशी बोलत असताना त्या खाली विणकाम करत ऐकत बसायच्या. एकदा मी आईवर चांगलीच तडकले होते, गोळ्या वेळेवर घेत नाही म्हणून. फोन ठेवल्यावर खालून आवाज आला, “आपकी मराठी में तो गुस्सा भी मीठा लगता है।” मी तिथल्या तिथे आईला परत फोन लावला. तोही धागा लोकांना आवडला.

मग काय झालं, ते मला आज सरळ सांगता येतं. तेव्हा दिसत नव्हतं. मी प्रतिसाद मोजायला लागले. सकाळी चहाचं आधण ठेवलं की आधी फोन. एखाद्या धाग्याला चारच प्रतिसाद आले की दिवसभर चिडचिड. कुणीतरी लिहिलं, “ताई, तुम्ही लखनौत राहता, आम्हाला लखनौ दाखवा ना.” झालं, मी ‘दोन दिवसांत लखनौ’ नावाची लेखमाला सुरू केली. दर शुक्रवारी एक भाग. शुक्रवार जवळ यायचा तसा माझा हात भराभर चालायचा. बँकेतून दमून आलेली असायचे, कुकर लावायचे, आणि शिट्ट्या होईपर्यंत इतरांनी कुठे कुठे लिहिलेलं चाळून, त्यात माझ्या दोन-चार आठवणी कालवून भाग तयार करायचे. वाक्यं मात्र गुळगुळीत. ‘नवाबी नजाकत’, ‘इतिहासाचा सुगंध’ असलं काय काय त्यात असायचं. लोकांना आवडत होतं. सभासद मला ‘लखनौवाल्या ताई’ म्हणायला लागले.

इमामबाडा, म्हणजे इथली नवाबांच्या काळातली भव्य वास्तू, त्यावरचा भाग सगळ्यांत गाजला. मी तिथे एकदाच गेले होते, लखनौला आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. मुलगी बाबाच्या खांद्यावर होती. गच्चीवरचा वारा आणि खाली दिसणारं शहर एवढंच माझ्या लक्षात होतं. भूलभुलय्यातून, म्हणजे तिथल्या चक्रव्यूहासारख्या बोळांतून, वर जायच्या पायऱ्या मुळीच आठवत नव्हत्या. पण परिच्छेद संपवायला एक वाक्य हवं होतं, सगळ्या वाचकांना कवेत घेणारं. म्हणून लिहिलं: ‘भूलभुलय्याच्या पायऱ्या सोप्या आहेत, घरातल्या ज्येष्ठांनाही सहज जमतील.’ पुढे असंही लिहिलं, की उतरल्यावर झाडाखालच्या बाकावर निवांत बसावं आणि बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीतला चहा चुकवू नये. संकेतस्थळाच्या संपादकांनी तो भाग ‘निवडक’मध्ये घेतला. त्या दिवशी मी घरी शिरा केला.

वर्षभराने कऱ्हाडच्या एका बाईंचा निरोप आला. निरोप लांबलचक होता. मी बँकेत काउंटरवर होते, समोर पेन्शनवाल्यांची रांग. पहिल्या चार ओळी वाचल्या. ‘आम्ही दोघं तुमचे नियमित वाचक, फेब्रुवारीत लखनौला यायचं ठरवतोय...’ मी लगेच उत्तर दिलं, “नक्की या! लखनौ तुमची वाट पाहतंय.” पुढे एक फूल टाकलं. आणि विसरून गेले.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. बँकेला सुट्टी होती. गॅलरीत कोवळं ऊन आलं होतं आणि मी मटार सोलत बसले होते. फोन वाजला म्हणून सहज पाहिलं, तर त्याच बाईंचा निरोप.

‘ताई, आम्ही इमामबाड्यात आहोत. हे वर गच्चीवर गेले ते आता त्यांना उतरता येत नाहीये. गुडघा धरलाय. तुम्हाला त्रास देते, पण इथे मराठी बोलणारं आपलं दुसरं कुणी नाही.’ खाली फोन नंबर.

मी त्यांचा जुना निरोप उघडला आणि शेवटपर्यंत वाचला. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: ‘यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झालेत. पायऱ्या सोप्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून धीर होतोय. तरी एकदा सांगाल का, पायरी साधारण किती उंच आहे?’

त्यांनी मला विचारलं होतं. आणि मी त्यांना फूल पाठवलं होतं.

मटाराची परात तशीच टाकून मी उठले. नवरा संस्थेत गेलेला. मुलीने स्कूटी काढली, मी मागे बसले. गोमतीचा पूल आला. मग तिला सगळं सांगितलं.

तिने वेग कमी केला. “मम्मी, आपने लिखा था कि आसान हैं? मैं तो पिछले साल दोस्तों के साथ गई थी, मेरे ही घुटने दुख गए थे.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“आपने पूछा ही कहाँ?”

मी तिला वेग वाढवायला सांगितलं.

निरोप पाठवणाऱ्या काकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. लहानखुऱ्या, सुती साडीवर नवऱ्याचा असावा असा ढगळ स्वेटर. एका हातात काकांचे बूट, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेले छापील कागद. वरच्या पानावर माझ्या लेखाचं शीर्षक मला लांबूनच दिसलं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “आलीस? धापा टाकतीयस. आधी पाणी पी.” त्यांनी रागावून दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मुलगी आणि मी वर निघालो. पायऱ्या उंच होत्या, काही तर भलत्याच. जिना अरुंद, उजेड थोडा, आणि हात टेकायला भिंतीशिवाय काही नाही. मी पन्नाशीची, तरी मधे एकदा थांबावं लागलं. वर पोचलो तर काका कठड्याला टेकून बसले होते, पाय लांब पसरून. शेजारी तिथला गाइड, साठीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा. काका मोडक्यातोडक्या हिंदीत त्याला विचारत होते की ही भिंत किती जाड आहे, आणि तो हातवारे करून सांगत होता.

मला पाहून काका म्हणाले, “या या. मी कुठं पळून जात नाही.”

उतरणं सोपं नव्हतं. काकांनीच मार्ग काढला. लहान मूल उतरतं तसं ते पायरीवर बसले आणि एकेक पायरी बसत बसतच खाली सरकायला लागले. गाइड त्यांच्यापुढे, उजवा पाय हातावर तोलून धरलेला. मुलगी मागून त्यांच्या काखेत हात घालून. मी सगळ्यांत मागे, वरून येणाऱ्या लोकांना थांबवत. एक घोळका कुरकुरायला लागला तेव्हा गाइड खालूनच म्हणाला, “हुज़ूर, ज़रा ठहर जाइए. बुज़ुर्ग उतर रहे हैं, आप ही के वालिद समझ लीजिए.” घोळका गप्प झाला. त्यातल्या एका तरुणाने पुढे येऊन काकांच्या पायाखाली आपला जाड मफलर घडी करून दिला.

मला राहवलं नाही. “काका, चूक माझी आहे. मी हे सगळं न बघता–”

“आत्ता पायरीकडं बघ,” काका म्हणाले. “चूक नंतर.”

खाली यायला अर्ध्या तासाच्या वर लागला. गाइडने वेळेचे जादा पैसे घ्यायला साफ नकार दिला. काकूंनी पिशवीतून कऱ्हाडहून आणलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढून अख्खा त्याच्या हातात ठेवला.

महानगर नावाच्या भागातल्या एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. सूज होती, इजा नव्हती. दोन दिवस सक्तीचा आराम. त्यांची खोली स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये होती. मुलीने परस्पर जाऊन सामान आणलं आणि आमच्या घरात टाकलं. काकू ‘नको नको’ म्हणत होत्या, पण स्वयंपाकघरात शिरून त्यांनी माझे अर्धवट सोललेले मटार पुढ्यात घेतले, तेव्हाच मला कळलं की आता या राहतील.

संध्याकाळी चहा झाल्यावर काकांनी तो फोल्डर मागितला. खिशातून बारीक टोकाची पेन्सिल काढली. ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली शेतं मोजण्यात पस्तीस वर्षं गेली, असं त्यांनी सांगितलं. छापील पानांवर त्यांच्या आधीच्या खुणा होत्या. प्रवासाच्या तयारीत केलेल्या. कुठे किती वेळ, कुठून कुठे चालत. आता ते त्या खुणांपुढे नव्या खुणा करायला लागले.

“हे झाडाखालचं बाक,” त्यांनी विचारलं, “कुठल्या झाडाखाली?”

“माहीत नाही.”

“टपरी?”

“ती... मी दुसरीकडे वाचलं होतं.”

“बरं.” त्यांनी शांतपणे खूण केली. मी म्हणाले, “काका, तुम्ही रागवा तरी.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “मी कोण रागवणार? ऐक. नोकरीला लागून वर्ष झालं होतं. मे महिना. दोन भावांच्या शेताची मोजणी होती, शेवटची बाजू राहिली होती. ऊन असं, की डोळ्यांपुढं अंधारी येत होती. मी आंब्याखाली बसलो आणि ती बाजू जुन्या नकाशावरून उतरवून काढली. बांधावरनं चाललोच नाही. नकाशा दिसायला देखणा झाला. वरच्या साहेबांनी शाबासकी दिली.”

“मग?”

“मग ते दोघं भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. बांध सरकला होता, जुना नकाशा चुकीचा होता. मला ते फार नंतर कळलं. मी स्वतः अर्ज करून परत गेलो, परत मोजलं, दोघांना समोर बसवून सांगितलं, की चूक माझी.”

“मग बोलायला लागले?”

“धाकटा बोलला. थोरला नाही बोलला. तो गेला तसाच.”

मुलगी आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. मग काकू ताटं घेताना म्हणाल्या, “अहो, पुरे. पोरीला जेवू द्या. आणि गं, एक ऐक. हे सगळं खरं असलं तरी आम्ही इमामबाडा बघायला नाही आलो.”

“मग?”

“तुला बघायला आलो. ऑपरेशननंतर हे पडून होते. कुणाशी बोलत नव्हते, टीव्ही नको, पेपर नको. मी तुझा तो जुडीवाला धागा वाचून दाखवला तेव्हा हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. मग त्या खालच्या आंटींचा तीनदा वाचायला लावला. तेव्हाच म्हणाले, बरा झालो की या बाईच्या गावाला जायचं. मला तर बघायचंय, तो भाजीवाला खरा आहे का.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीच्या गाडीचा आवाज आल्याबरोबर त्या पदर खोचून खाली गेल्या. मी गॅलरीतून बघत होते. भैयाने त्यांना आपादमस्तक पाहिलं, मग वर माझ्याकडे पाहिलं, आणि काय ते समजून घेऊन म्हणाला, “अम्मा, जुडी दूँ? मेथी की?”

काकूंनी टाळी वाजवली. खालूनच ओरडल्या, “अहो, म्हणतो की खरंच!”

खोलीत पलंगावर काका उशीला टेकून बसले होते. ते मला म्हणाले, “हे बघ, हे तू जागेवर पाहिलेलं आहेस. म्हणून टिकलं.” एवढंच बोलले आणि पेपर तोंडापुढे धरला.

रविवारी दुपारी मी आणि मुलगी परत इमामबाड्यात गेलो. काका यायचं म्हणत होते. काकूंनी त्यांना दटावून बसवलं, तेव्हा त्यांनी आपली मोजपट्टी तरी माझ्याबरोबर पाठवली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ती त्यांच्या खिशात असते. मी पायऱ्या मोजल्या. चढताना एक आकडा आला, उतरताना दुसरा. मुलीचा तिसराच. आम्ही दोघी जिन्यातच हसत सुटलो, आणि पुन्हा मोजल्या. कुठली पायरी सगळ्यांत उंच, कुठे वळणावर अंधार आहे, श्वास घ्यायला थांबायला कुठे जागा आहे, हे लिहून घेतलं. खाली बाकं होती, पण मी लिहिलं होतं तिथे नाही. टपरी शोधली, त्या कोपऱ्यावर मोबाइलची कव्हरं विकायचं दुकान होतं. आतला मुलगा म्हणाला, चायवाले तो कब के चले गए. वर न चढताही खालच्या दालनात बसून काय काय पाहता येतं, हे त्याच गाइडने आम्हाला फिरवून दाखवलं. ज्यांना चढणं जमत नाही त्यांच्यासाठी तो भाग सगळ्यांत सुंदर आहे. मी त्याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती.

मंगळवारी काका काठी टेकत चालायला लागले. मी रजा टाकली आणि आम्ही हज़रतगंजला गेलो, तेही अगदी सावकाश. काका दर थोड्या अंतरावर बाकावर बसायचे, येणारी-जाणारी माणसं बघायचे. काकूंनी मटर चाट खाल्ली आणि चाटवाल्याकडे दुसरी मागितली. बुधवारी त्यांची गाडी होती. स्टेशनवर काकूंनी माझ्या मुलीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मुलगी म्हणाली, “आजी, पोचल्यावर फोन करा.” मराठीत. मी पिशव्या मोजण्यात गुंतल्यासारखं केलं.

ते गेल्यावर मी लेख उघडला. दोन दिवस नुसता बघत होते. मग संपादकांना लिहिलं, की हा ‘निवडक’मधून काढा. त्यांचं उत्तर सौजन्याचं होतं: वाचकांच्या आवडीचा लेख आहे, अशा बारीकसारीक गोष्टी चालतात. त्यांचंही चुकलं नव्हतं. त्यांना माझं नुसतं लिहिलेलं दिसत होतं. मी लेखाच्या डोक्यावर चार वाक्यं घातली: ‘या लेखातल्या काही गोष्टी मी न पाहता लिहिल्या होत्या. त्यांवर विश्वास ठेवून आलेल्या एका वाचकांना त्रास झाला. पायऱ्या सोप्या नाहीत. दुरुस्त केलेला लेख लवकरच इथे देते.’ ते प्रकाशित करायचं बटण दाबायला मला फार वेळ लागला.

पहिला प्रतिसाद आला, ‘प्रामाणिकपणाला सलाम’. दुसरा, ‘एवढं मनाला लावून घेऊ नका’. तिसरा मात्र नेमका लागला. ‘मग बाकीच्या भागांचं काय?’

तो कुणी लिहिला हे मला माहीत नाही. त्या संध्याकाळी मी त्या माणसाशी मनातल्या मनात खूप भांडले. सकाळी उठून लेखमालेचे सगळे भाग छापून आणले आणि लाल पेन घेऊन बसले. स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, खाल्लेलं तेवढं ठेवायचं. दोन भागांत ठेवण्यासारखं काहीच उरलं नाही. ते मी उडवले. बाकीच्यांसाठी पुढचे तीन महिने सुट्टीच्या शनिवारी बाहेर पडत राहिले. कधी मुलगी बरोबर असे, कधी नवरा. नवरा वैज्ञानिक. त्याला या कामात एवढी गोडी लागली की तो प्रत्येक ठिकाणी दोनदा जाऊ या म्हणायचा.

इमामबाड्याचा नवा लेख तयार झाल्यावर मी तो प्रकाशित करण्याआधी कऱ्हाडला पाठवला. वाटलं, काका खूश होतील. पायऱ्यांची उंची, वळणं, बाकं, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, सगळं होतं त्यात. फोन काकूंचा आला.

“वाचला. यांनी सगळ्या आकड्यांवर बरोबरची खूण केलीय.”

“मग चांगला झालाय ना?”

“चांगला कसला? सरकारी पत्रक वाटतंय. तू कुठं गेलीस यातनं? त्या गाइडचं बोलणं कुठाय? वरचा वारा कुठाय? तुझी लेक आणि तू जिन्यात हसत बसलात, ते फोनवर सांगितलंस, इथं का नाही लिहिलंस?”

“काकू, मला वाटलं आता नेमकंच लिहावं.”

“नेमकं लिही की. पण कुणीतरी माणूस तिथं गेलं होतं, एवढं कळू दे.”

मी तिसऱ्यांदा लिहायला बसले. या वेळी शुक्रवार नव्हता, कुकरच्या शिट्ट्या नव्हत्या. एक वाक्य लिहायचं आणि स्वतःला विचारायचं, हे मला कुठून कळलं? उत्तर मिळालं नाही की वाक्य खोडायचं. ‘नवाबी नजाकत’ पहिल्याच फेरीत गेली. तिच्या जागी आपल्या हातावर एका परक्या माणसाचा पाय तोलून अर्धा तास उलटं उतरणारा गाइड आला. तिथे मला नजाकत हा शब्द लिहायची गरजच पडली नाही.

त्या लेखाला नऊ प्रतिसाद आले. जुन्याला शंभराच्या वर होते. एकीने विचारलं, चाकाची खुर्ची खालच्या दालनापर्यंत जाते का. मला माहीत नव्हतं, मी तसं सांगितलं, आणि पुढच्या शनिवारी जाऊन विचारून तिला कळवलं. चहाच्या आधणाबरोबर फोन बघायची सवय अजून पूर्ण सुटलेली नाही. आकडा कमी असला की थोडं टोचतं. पण आता एखाद्याने काही विचारलं की मी त्याचा निरोप शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. काउंटरवर असताना वाचतच नाही.

मागच्या महिन्यात दुपारी काकूंचा फोन आला. आवाजात हसू दाबलेलं.

“यांनी लिहिलंय.”

“काय लिहिलंय?”

“धागा. तुमच्या त्या साइटवर. नातवाकडनं सभासद करून घेतलं. चार दिवस कुणाला खोलीत येऊ दिलं नाही. आज सकाळी टाकला.”

मी तिथल्या तिथे उघडून पाहिला. कसाबसा पानभर होता. मोजणीला गेले असताना त्यांची मोजणीची साखळी हद्द एकीकडे दाखवत होती, आणि एका म्हातारीने आपल्या शेताची हद्द दुसरीकडे दाखवली. दगड कधीच नाहीसा झाला होता, पण लग्न होऊन आली तेव्हा सासूने जिथे उभं केलं होतं तिथे ती डोळे मिटून चालत गेली आणि थांबली. काकांनी खणून पाहिलं, तर दीड हातावर जुना दगड. एवढीच हकिकत. एकही विशेषण नव्हतं. शेवटी नुसतं लिहिलं होतं, ‘त्या दिवशी माझी साखळी चुकली होती, बाई बरोबर होती.’

मी प्रतिसाद लिहायला घेतला आणि फोन पुन्हा वाजला. या वेळी काका होते.

“किती आलेत ते बघितलंस का? तीन!”

“बघितले. आता माझा चौथा.”

“थांब, तू नंतर लिही. आधी मला एक सांग. एकाने लिहिलंय ‘पुलेशु’. हे काय आहे? शिवी आहे का?”

“नाही हो काका. ‘पुढील लेखनास शुभेच्छा’, त्याचं लहान रूप.”

मग ते काकूंना ओरडून सांगत असल्याचं ऐकू आलं, “अगं, पुढचं लिहा म्हणतायत!” आणि मला म्हणाले, “बरं, या तिघांना उत्तरं द्यावी लागतील ना? नावानिशी द्यायची की एकत्र दिली तर चालतं?”

“वेगवेगळी द्या,” मी म्हणाले. “त्यांनी काय विचारलंय ते नीट वाचा आणि द्या.”

“ते तर झालंच,” काका म्हणाले, आणि चष्मा शोधायला त्यांनी फोन काकूंच्या हातात दिला.